बर्बरे मसाल्याचा घेवडा-भात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी मापं चार माणसांच्या जेवणाची आहेत. कप २५० मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा आणि छोटा चमचा ५ मिलीचा धरला आहे. घरातल्या वाट्या लहानमोठ्या असतात, म्हणून जिथे नेमकेपणा लागतो तिथे ग्रॅम दिले आहेत.

हा पदार्थ खरंच इथिओपियातला आहे का?

असाच्या असा नाही. बर्बरे हा लाल मिरचीचा मसाला आणि कांदा शिजवायची रीत इथिओपियाची. भात आणि घेवडा एकाच पातेल्यात शिजवणं हे मात्र तिथलं पारंपरिक जेवण नव्हे. तिथलं रोजचं अन्न म्हणजे टेफ या बारीक धान्याच्या पिठाची आंबवलेली पोळी, इंजेरा, आणि तिच्यावर वाढलेले दाट रस्से, ज्यांना वोट म्हणतात. ताना सरोवराच्या पूर्वेला फोगेराच्या मैदानात भात पिकतो, पण तो तांदूळही बऱ्याचदा टेफमध्ये मिसळून इंजेरासाठीच वापरतात. देशाच्या पूर्वेला, सोमाली प्रदेशात, भाताला ताटात मोठी जागा आहे. धान्य आणि कडधान्य एकत्र खाणं मात्र सगळीकडे ओळखीचं: गहू किंवा मका, सोबत हरभरे किंवा घेवडा, नुसतं उकडून मीठ लावलेलं निफ्रो घरोघरी होतं. तेव्हा पाहुण्यांना वाढताना ‘इथिओपियन मसाल्याचा भात’ म्हणावं, ‘इथिओपियन भात’ म्हणू नये.

तूप, लोणी, दही काहीच नाही. चव कमी पडणार नाही का?

पडत नाही, आणि त्याला कारण आहे. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी सगळं वर्ज्य असतं. बहुतेक बुधवार-शुक्रवार, शिवाय ईस्टरच्या आधीचे ५५ दिवस आणि इतर काही उपवास मिळून वर्षातले निम्मे दिवस त्यात जातात. त्यामुळे तिथला शाकाहारी स्वयंपाक हा मांसाच्या पदार्थातून काहीतरी वगळून केलेला नसतो. मसुरीचं मिसिर वोट, हरभऱ्याच्या किंवा वाटाण्याच्या पिठाचं शिरो, पाल्याची गोमेन हे आपल्या जागी पूर्ण पदार्थ आहेत.

एरवी वोटमध्ये मसाल्यात कढवलेलं लोणी, नितर किब्बे, पडतं. उपवासाच्या दिवसांत त्याची जागा तेल घेतं आणि जुन्या पद्धतीत ते कारळ्याचं असतं. कारळा मूळचा इथिओपियाच्या डोंगराळ भागातला. आपल्याकडे खुरासणी म्हणून ओळखतात, चटणीला वापरतात, तोच. घाण्याचं कारळ्याचं तेल मिळालं तर या भाताला त्याच्याइतकं शोभणारं दुसरं तेल नाही. नाहीतर करडई किंवा शेंगदाणा चालेल. खोबरेल नको, त्याचा वास मसाल्यावर बसतो.

मग हा भात आपल्या उपवासाला चालेल?

नाही. कडधान्य, तांदूळ, कांदा, लसूण, मेथी: एकादशीच्या हिशेबात सगळंच बाद.

साहित्य नेमकं किती?

बासमती ३०० ग्रॅम (दीड कप). कोरडा घेवडा किंवा राजमा १९० ग्रॅम (एक कप). कांदे अर्धा किलो, म्हणजे मध्यम आकाराचे ४ ते ५. हे जास्त वाटेल, पण कमी करू नका. लसूण १० पाकळ्या, आलं दीड इंच, पिकलेले टोमॅटो २ (२०० ग्रॅम), तेल ४ मोठे चमचे, बर्बरे २ मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा. शेवटी घालायला अर्धा छोटा चमचा ताजी कुटलेली वेलची-मिरी आणि अर्ध्या लिंबाचा रस. कोथिंबीर घातली तर बिघडत नाही, पण तिची गरजही नाही.

कोणता घेवडा घ्यावा?

लहान दाण्याचा, साल न फाटणारा. कोरेगाव तालुक्यातला भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा यासाठी फार चांगला. इथिओपियाच्या रिफ्ट खोऱ्यात पांढरा लहान घेवडा मोठ्या प्रमाणावर पिकतो. तसा मिळाला तर तोही घ्या. मोठा लाल राजमा चालतो, मात्र त्याला मसाला आत शिरायला वेळ लागतो. चवळी शिजायला सोपी, पण भातात मिसळताना मोडते. मसूर नको. मसुरीचं वोट अप्रतिम होतं, भातात मात्र ती विरघळून खिचडी होते.

घेवडा कसा भिजवायचा आणि शिजवायचा?

एक लिटर पाण्यात २ छोटे चमचे मीठ विरघळवून त्यात घेवडा ८ ते १० तास भिजवा. मिठामुळे कडधान्य शिजत नाही हा समज इथे सोडून द्यावा. भिजवणीतल्या मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. दाणा अख्खा राहून आतपर्यंत शिजतो. उन्हाळ्यात भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं.

भिजवणीचं पाणी फेकून घेवडा धुवा. कुकरमध्ये ताजं पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं येईल इतकं घाला. एक शिट्टी झाली की आच मंद करून लहान घेवड्याला १० ते १२ मिनिटं, मोठ्या राजम्याला १५ ते १८ मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि साली फाटतात. दाणा बोटांत दाबल्यावर लोण्यासारखा दबला पाहिजे, मध्ये पांढरी कणी नको. भातासोबत तो आणखी शिजेल या भरवशावर अर्धवट काढू नका, कारण पुढे टोमॅटो आहे आणि आंबटात घेवडा मऊ होत नाही.

शिजवणीचं पाणी मात्र ठेवा. भात त्यातच शिजवायचा आहे.

राजमा नीट न शिजवता खाल्ला तर काय होतं?

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन (लेक्टिन) भरपूर असतं. ते नष्ट झालं नाही तर काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. कुकरमध्ये आणि खळखळत्या उकळीत ते नष्ट होतं. कुकर नसेल तर भिजवलेला राजमा ताज्या पाण्यात निदान अर्धा तास सणसणीत उकळलाच पाहिजे, मग मंद आचेवर मऊ करा. धोका आहे तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यात. परदेशातल्या अनेक घरांत स्लो कुकर असतो; त्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. ते भांडं उकळीपर्यंत जातंच असं नाही, आणि कमी तापमानाला हे विष कमी होण्याऐवजी वाढू शकतं.

कितीही शिजवला तरी घेवडा कडकच राहतो. का?

बहुतेक वेळा तो जुना असतो. ऊबदार, दमट जागी वर्षभर पडलेल्या घेवड्याचा दाणा असा घट्ट होतो की भिजवूनही फुलत नाही. दुसरं कारण बोअरचं जड पाणी. दोन्हींवर उपाय एकच: शिजवताना खाण्याच्या सोड्याची चिमूट, पाव छोट्या चमच्याच्या आत. त्याहून जास्त घातलात तर साबणासारखी चव येते आणि साली सुटतात.

बर्बरे घरी करता येतो का?

येतो, आणि ताजा केलेला पाकिटातल्यापेक्षा बरा. इथिओपियात लाल मिरच्या वाळवून ओल्या लसूण-आलं-कांद्यासोबत आणि तुळशीच्या कुळातल्या बेसोबेलासोबत कुटतात, पुन्हा उन्हात वाळवतात आणि मग मसाले घालून दळून आणतात. घरी एवढा घाट नको असेल तर कोरडी रीत अशी:

ब्याडगी मिरची ५० ग्रॅम (देठ आणि बहुतेक बिया काढून), संकेश्वरी किंवा लवंगी १० ग्रॅम, धणे २ मोठे चमचे, मेथीदाणे १ छोटा चमचा, मिरी १ छोटा चमचा, ओवा अर्धा छोटा चमचा, कलौंजी अर्धा छोटा चमचा, हिरव्या वेलचीचे दाणे १ छोटा चमचा, एका मसाला वेलचीचे दाणे, लवंगा ५, दालचिनी एक इंच, पाव जायफळ, सुंठपूड १ छोटा चमचा, हळद अर्धा छोटा चमचा, मीठ २ छोटे चमचे.

मिरच्या मंद तव्यावर तीन-चार मिनिटं, फक्त कुरकुरीत होईपर्यंत गरम करा. रंग काळपट व्हायला लागला की उशीर झाला. धणे, मिरी, लवंगा, दालचिनी वेगळी भाजा. मेथी सगळ्यात शेवटी, एकटी, जेमतेम मिनिटभर. ती तांबूस-सोनेरी झाली की लगेच काढा, तपकिरी झाली तर सगळा मसाला कडू. ओवा आणि कलौंजी तव्याच्या उरलेल्या उष्णतेवर फिरवल्या तरी पुरे. वेलची, जायफळ, सुंठ, हळद भाजायची नाही. सगळं पूर्ण गार झाल्यावर दळा. गरम दळलं तर वाफेने गोळा होतो. साधारण १०० ग्रॅम मसाला होतो. काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये चार-पाच महिने रंग टिकतो.

या यादीत मसाला वेलची आहे ती कोरारिमासाठी. कोरारिमा ही इथिओपियातली वेलची. तिला मसाला वेलचीसारखा धुराचा वास नसतो, म्हणून मसाला वेलची एकच घातली आहे आणि बाकी भार हिरव्या वेलचीवर आहे. बेसोबेला नसेल तर वाळलेल्या तुळशीची चार-पाच पानं चुरडून घाला.

गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला वापरला तर?

गोडा नको. दगडफूल, तीळ आणि खोबऱ्याने चव सरळ आपल्या मसालेभाताकडे जाते. तो चांगलाच लागेल, पण मग पदार्थ दुसरा झाला. कांदा-लसूण मसाला त्यामानाने बराच जवळचा, कारण त्यातही मिरची लसणासोबत कुटलेली असते. घाईच्या दिवशी दीड मोठा चमचा कांदा-लसूण मसाला घेऊन त्यात मेथीपूड पाव छोटा चमचा, वेलचीपूड अर्धा छोटा चमचा आणि चिमूटभर ओवापूड मिसळा. निभावून जातं.

आता कृती सांगा.

बासमती दोन-तीन पाण्यांनी धुऊन २० मिनिटं भिजवा आणि चाळणीत निथळत ठेवा.

जाड बुडाच्या पातेल्यात बारीक चिरलेला कांदा तेलाशिवाय टाका. हो, तेलाशिवाय. मध्यम-मंद आचेवर हलवत राहा. कांद्याला आधी पाणी सुटेल, मग ते आटेल आणि तो बुडाला चिकटायला लागेल. चिकटला की एक-दोन चमचे पाणी शिंपडून खरवडा. १२ ते १५ मिनिटांत कांदा आकसून लगद्यासारखा होतो. तो लाल करायचा नाही. आपल्या बिर्याणीच्या कांद्याची सवय असेल तर हात आवरावा लागतो.

आता तेल घाला आणि पाच मिनिटं परता. आलं-लसणाची गोळी घालून दोन मिनिटं. मग आच अगदी मंद करून बर्बरे आणि त्यासोबत लगेच दोन मोठे चमचे पाणी. इथून आठ-दहा मिनिटं हा लगदा हळू रटरटू द्या. कोरडा पडला की पुन्हा एक चमचा पाणी. रंग विटकरीवरून गडद तांबड्याकडे जातो, कडेने तेल दिसतं आणि मिरचीचा नाकात झोंबणारा वास बदलून गोडसर होतो. हा वास बदलेपर्यंत पुढे जाऊ नका. सगळी कृती बिघडते ती इथेच, घाईने.

टोमॅटो किसून घाला, सात-आठ मिनिटं आटवा. शिजलेला घेवडा आणि मीठ घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे दाण्यांना मसाला लागेल. घेवड्याची शिजवणी मोजा आणि कमी पडेल तेवढं गरम पाणी मिसळून एकूण ५०० मिली करा. ते पातेल्यात ओतून उकळी आणा, पाण्याची चव पाहा. ती किंचित खारट लागली पाहिजे. तांदूळ घाला, एकदाच हलक्या हाताने ढवळा. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की घट्ट झाकण, सर्वांत मंद आच, १२ मिनिटं. आच बंद करून झाकण न उघडता १० मिनिटं. मग वेलची-मिरीपूड आणि लिंबाचा रस घालून काट्याने मोकळा करा.

कांदा कोरडा का शिजवायचा? तेलात पटकन होतो की.

तेलात कांदा तळला जातो, त्याचे तुकडे तुकडेच राहतात. आपल्याच पाण्यात शिजला की त्याच्या पेशी मोडतात, तो विरघळतो आणि रश्श्याला दाटपणा येतो. वोटमध्ये पीठ, काजू, खोबरं असं काही घालत नाहीत. दाटपणा आणि गोडवा कांद्याचाच. म्हणून अर्धा किलो लागतो. मिक्सरमधून काढलेली कच्च्या कांद्याची पेस्ट मात्र नको, ती कडवट होते. चिरायचा कंटाळा असेल तर चॉपरमध्ये थांबत थांबत फिरवा.

भात कडू झाला. काय चुकलं?

तीन शक्यता. बर्बरे गरम तेलात कोरडाच पडला आणि जळला. मेथी जास्त भाजली गेली. किंवा लसूण करपला. जळलेला कडूपणा साखरेने झाकत नाही. तांदूळ घालायच्या आधी चव पाहिलीत तर निदान तांदूळ वाचतो. मसाला टाकून नव्याने कांदा परता, घेवडा तसाच वापरता येईल.

भात चिकट होतो किंवा वरचा कच्चा राहतो.

चिकट होण्याचं नेहमीचं कारण घेवड्याची दाट शिजवणी. ती गाळासारखी दाट झाली असेल तर निम्मीच घ्या, बाकी साधं पाणी. आंबेमोहोर आणि इंद्रायणी या पदार्थाला नकोतच. सुगंधी असले तरी ते मऊ-चिकट होणारे तांदूळ आहेत. कोलम चालतो, पाणी ५० मिलीने वाढवा. वरचा थर कच्चा राहिला तर झाकणातून वाफ जाते आहे: झाकणाला ओलं फडकं गुंडाळा, वर तीन-चार चमचे उकळतं पाणी शिंपडा, आणखी पाच मिनिटं मंद आच.

दुप्पट भात करताना पाणी दुप्पट करू नका. पातेलं तेच, वाफेने जाणारं पाणी तेवढंच. ६०० ग्रॅम तांदळाला ९०० ते ९२५ मिली पुरतं.

कुकरमध्ये किंवा इन्स्टंट पॉटमध्ये होतो का?

मसाला आणि घेवडा तयार झाल्यावर होतो. साध्या कुकरमध्ये एकूण पाणी ४२० मिली, मध्यम आचेवर एक शिट्टी, मग तीन मिनिटं मंद. इन्स्टंट पॉटमध्ये पाणी ३७५ मिली, जास्त दाबावर ४ मिनिटं, मग १० मिनिटं तसाच ठेवून वाफ काढा. पाणी ओतल्यावर लाकडी चमच्याने बूड पूर्ण खरवडा. कांद्याचा थर चिकटलेला राहिला की यंत्र करपल्याची सूचना देऊन थांबतं.

डब्यातला घेवडा चालेल?

चालेल. ४०० ग्रॅमचे दोन डबे, निथळून धुऊन. आतलं पाणी खारट असतं, ते भाताला वापरू नका. मीठही आधी एकच छोटा चमचा घाला.

मुलांना तिखट सोसत नाही.

बर्बरे कमी करून फिका भात करण्यापेक्षा अलिचाच्या रीतीने करा. तिथेही कमी तिखट खाणाऱ्यांसाठी हा वेगळा प्रकार आहे. बर्बरे आणि टोमॅटो दोन्ही वगळा. एक छोटा चमचा हळद, आलं दुप्पट, एक अख्खी हिरवी मिरची उभी चीर देऊन घाला आणि शेवटी काढून टाका. सोबत गाजर-बटाट्याच्या फोडी छान लागतात. टोमॅटो नसल्याने पाणी ५० मिली वाढवा.

मोठ्यांचा भात चुकून जहाल झाला असेल तर उकडलेला बटाटा कुस्करून मिसळा. पाणी पिऊन उपयोग होत नाही.

तेलाला नितर किब्बेचा वास आणता येतो का?

येतो. एक कप तेलात अर्धा चिरलेला कांदा, ४ लसूण पाकळ्या, आल्याच्या चकत्या, मेथीदाणे अर्धा छोटा चमचा, ठेचलेल्या वेलच्या ४, हळद पाव छोटा चमचा आणि थोडी वाळलेली तुळस घालून सर्वांत मंद आचेवर २५ मिनिटं. बुडबुडे अगदी बारीक यायला हवेत, तळल्याचा आवाज नको. बारीक कापडातून गाळा. ओल्या लसणाचं तेल बाहेर ठेवू नका: हवा नसलेल्या तेलात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वासावरून कळत नाही. फ्रीजमध्ये चार दिवस, जास्त हवं तर बर्फाच्या साच्यात गोठवून.

बर्बरे विकत घ्यायचा झाला तर?

भारतात ऑनलाइन मिळतो. परदेशात राहणाऱ्यांना सोपं आहे. वॉशिंग्टन आणि लगतच्या मेरिलँड-व्हर्जिनियात इथिओपियन वस्ती मोठी असल्याने वाणसामानाच्या दुकानांत तो सुटा मिळतो. पाकिटावर मीठ आहे का ते वाचा आणि पहिल्यांदा एकच मोठा चमचा वापरा, तिखटपणात फार फरक असतो. मितमिता हा वेगळा, फार जहाल मसाला. तो बर्बरेच्या मापाने घालू नका.

सोबत काय वाढावं?

टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, लिंबू आणि थोडं तेल यांची कोशिंबीर. तिथे तिला तिमातिम म्हणतात. दुसरी जोड म्हणजे हळद घालून झाकून शिजवलेली कोबी-बटाटा-गाजराची भाजी. व्हीगन नसाल तर दही घ्यायला हरकत नाही, फक्त तिथल्या उपवासाच्या ताटात ते नसतं.

उरलेला भात किती दिवस टिकतो?

परातीत पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. शिजल्यावरही तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू जिवंत राहतात. भात ऊबदार राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊनही खाऊ नये. फ्रीजमध्ये दोन दिवस ठीक. गरम करताना दोन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवा, वाफ पूर्ण येऊ द्या. गोठवायचा असेल तर घेवडा-मसाला वेगळा गोठवा, तो दोन महिने उत्तम राहतो. भात त्या दिवशी ताजा लावा.